मोठ्या क्रूझरचा मोह आणि जळगाव जामोदचे रस्ते

मोटारसायकलचा परवाना काढताना उमेदवाराने शंभर सीसीची गाडी आठच्या आकड्यात फिरवून दाखविली, की त्याच परवान्यावर त्याला दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीची, अडीचशे किलोच्या घरातली क्रूझर चालविता येते. कायद्याच्या लेखी दोन्ही वाहने 'गिअरची मोटारसायकल' या एकाच वर्गात मोडतात. युरोपीय संघात २०१३पासून परवान्याचे टप्पे आहेत. मधल्या टप्प्यावरच्या चालकाला ३५ किलोवॉटपेक्षा अधिक शक्तीची मोटारसायकल चालविता येत नाही आणि पुढचा टप्पा गाठण्यासाठी किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे अशी पायरी नसल्याने 'आपण मोठ्या गाडीला तयार आहोत काय' या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते. ते देताना बहुतेक जण प्रथम पाहतात ते गाडीचे रूप आणि मग मासिक हप्ता. प्रत्यक्षात गाडी ज्या रस्त्यांवर चालायची आहे, ते रस्ते आधी पाहायला हवेत.

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव या प्रश्नाची चांगली कसोटी ठरते. खानदेशातल्या जळगावशी गल्लत होऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्याला जोडले गेले. गावाला रेल्वे नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे नांदुरा स्थानक गाठायचे, तर दक्षिणेला पूर्णा नदी ओलांडून जावे लागते. साहजिकच शेत, बाजार, कचेरी, शेगावची वारी आणि खामगाव-अकोल्याची खरेदी यांसाठी घरोघरी दुचाकी हाच आधार आहे. अशा गावातला, 'एमएच २८' पाटीची दीडशे-दोनशे किंवा साडेतीनशे सीसीची क्रूझर चार-पाच वर्षे चालविलेला चालक साडेसहाशेकडे पाहू लागतो, तेव्हा त्याच्यापुढचा हिशेब पुण्या-मुंबईतल्या हौशी चालकाहून निराळा असतो.

क्रूझर हा मोटारसायकलचा प्रकार मूळ अमेरिकेतला. मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या रुंद रस्त्यांवर दिवसभर एका संथ लयीत धावण्यासाठी तो घडला. जमिनीलगतचे आसन, पुढे पसरलेले पाय, छातीशी येणारे रुंद हँडल, पुढच्या चाकाचा तिरपा काटा आणि दोन चाकांतले लांब अंतर ही त्याची ओळख होय. इंजिनाकडूनही फार वेगाची अपेक्षा नसते. कमी फेऱ्यांत भरपूर ओढ मिळावी, वारंवार गिअर बदलावा लागू नये, एवढेच त्याने करायचे असते.

भारतात हा प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला तो २००१ साली, कावासाकी-बजाजच्या १७५ सीसी 'एलिमिनेटर'मुळे. पुढच्याच वर्षी यामाहाची 'एन्टायसर' आणि रॉयल एनफिल्डची 'थंडरबर्ड' आली. २००५मध्ये बजाजने एलिमिनेटरचाच साचा पुढे नेत 'ॲव्हेंजर' आणली आणि तालुक्याच्या गावांतूनही लांबलचक, बसकी गाडी दिसू लागली. खऱ्या अर्थाने मोठ्या अमेरिकन गाड्यांची वाट मात्र आंब्यांनी मोकळी केली, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. २००७ साली भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली, तेव्हा त्याच वाटाघाटींत हार्ले-डेव्हिडसनच्या आयातीआड येणारे प्रदूषणाचे निकष भारताने सैल केले. हापूसच्या बदल्यात हार्ले, असा तो सौदा होता. २०२०मध्ये हार्लेने भारतातला स्वतःचा कारभार आवरता घेतला आणि २०२३मध्ये हीरो मोटोकॉर्पच्या साथीने ४४० सीसीची गाडी घेऊन ती परतली. दरम्यान नोव्हेंबर २०२०मध्ये थंडरबर्डची जागा 'मिटिऑर ३५०'ने घेतली आणि जानेवारी २०२३मध्ये 'सुपर मिटिऑर ६५०' दाखल झाली. साडेतीनशेवरून साडेसहाशेवर जाण्याचा विचार आज मध्यमवर्गीय घरात होतो, तो मुख्यतः या दोन गाड्यांच्या संदर्भात.

आता रस्ते. बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून, राज्यातला सर्वात वेगवान रस्ता जातो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. मोठ्या क्रूझरने ज्या रस्त्याची स्वप्ने पाहावीत, तो जिल्ह्यात हा एकच. आणि दुचाकींना त्यावर मज्जाव आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरही तीच बंदी आहे. म्हणजे चालकाच्या वाट्याला उरतो तो मलकापूर, नांदुरा, खामगावमार्गे अकोल्याकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, आजचा त्रेपन्न. याच महामार्गावर अमरावती ते अकोला टप्प्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस विक्रम झाला होता. चौपदरीकरणाने या मार्गाचे रूप पालटले आहे, यात शंका नाही.

पण रस्ता रुंद झाला, तरी कायदा रुंद झालेला नाही. केंद्राच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, तर इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. ताशी ८० किलोमीटर हा वेग साडेतीनशे सीसीची क्रूझर दोन माणसांसह, इंजिन न ताणता, तासन्‌तास राखू शकते. साडेसहाशेचे इंजिन या वेगाला अधिक स्वस्थ असते, ओव्हरटेक करताना गिअर न टाकता पुढे झेपावते, मागे बसलेल्याला हादरे कमी जाणवतात. हे सुख खरे आहे आणि एकदा अनुभवलेला चालक ते विसरत नाही. मात्र त्यापलीकडची जी शक्ती विकत घेतलेली असते, तिचा कायदेशीर उपयोग करण्याजोगा रस्ता जळगाव जामोदहून निघणाऱ्या चालकाला कोणत्याच दिशेला सापडत नाही.

महामार्गापर्यंत पोहोचेपर्यंतच्या वाटेचेही पाहायला हवे. नांदुऱ्याकडे, संग्रामपूरकडे किंवा शेगावकडे जाताना गावागणिक गतिरोधक लागतात. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. मानकाचा गतिरोधक आणि वेशीवर गावकऱ्यांनी रातोरात उभारलेला उंचवटा यांतला फरक प्रत्येक दुचाकीस्वार जाणतो. मिटिऑर ३५०च्या पोटाखाली १७० मिलिमीटर मोकळी जागा आहे. सुपर मिटिऑर ६५०च्या खाली ती १३५ मिलिमीटरच आहे, आणि दोन चाकांतले अंतर मात्र १४०० मिलिमीटरवरून १५०० मिलिमीटर झालेले आहे. मागे माणूस बसला की स्प्रिंग दबून ही जागा आणखी कमी होते. लांब आणि बसकी गाडी उंच, अरुंद उंचवट्यावरून नेली, की तिचे पोट खरचटते. ती तिरपी घालून सावकाश उतरवावी लागते, आणि अशा वेळी गाडीचे सगळे वजन चालकाच्या एका पायावर येते.

पावसाळ्यात पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती रस्त्यावर येते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला तिचा पातळ थर डांबरावर साबणासारखा पसरतो. एबीएस असले तरी ते घसरणारी चाके सावरते, घसरता रस्ता सावरत नाही. जुलै २०२३मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांनी जो महापूर पाहिला, त्यासारख्या दिवसांत तर हलकी गाडी ढकलून काठाला लावता येते, जड गाडी जिथल्या तिथे सोडावी लागते. उत्तरेला सातपुड्यातून बऱ्हाणपूरकडे जाणारा घाट निसर्गाच्या दृष्टीने अप्रतिम. परंतु क्रूझर वळणात फार कलू शकत नाही. पाय ठेवण्याचे खुंट रस्त्याला घासू लागतात आणि नवखा चालक दचकून गाडी सरळ करतो. घाटात ती सरळ झाली, की वळणाच्या बाहेर जाते.

सर्वात कळीचा मुद्दा वजनाचा आहे आणि माहितीपत्रकात नेमका तोच बारीक अक्षरांत असतो. लाखो घरांत असलेल्या शंभर सीसीच्या स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो. ॲव्हेंजर २२० साधारण १६३ किलोची, मिटिऑर ३५० ही १९१ किलोची, तर सुपर मिटिऑर ६५० तब्बल २४१ किलोची. साडेतीनशेवरून साडेसहाशेवर जाणे म्हणजे बाजार समितीच्या भाषेत अर्धा क्विंटल वाढविणे होय. कावासाकीची 'व्हल्कन एस' (६४९ सीसी) २३५ किलोची आहे. गंमत अशी, की सुपर मिटिऑरची शक्ती ४७ पीएस, म्हणजे ३५ किलोवॉटच्या किंचित आत. युरोपच्या मोजपट्टीवर ती मधल्या टप्प्याचीच गाडी ठरते. तिची शक्ती कोणाला घाबरविणारी नाही. जपायचे ते तिच्या वजनाला.

गाडी धावू लागली, की हे वजन जाणवेनासे होते, उलट वाऱ्याच्या झोतात आणि ट्रकच्या शेजारून जाताना ते आधार देते. ते जाणवते ते थांबताना, वळविताना आणि मागे घेताना. बाजाराच्या दिवशी गर्दीतून पावलाच्या गतीने जाणे, उतारावर नाक खाली करून उभी केलेली गाडी मागे ओढणे, अंगणाच्या फाटकातून पायरीवर चढविणे ही कामे रोजची असतात. आसनाची उंची फक्त ७४० मिलिमीटर असल्याने बुटक्या चालकाचेही दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, आणि तेवढ्यावरून गाडी झेपेल असा समज होतो. पाय टेकणे वेगळे, कललेली गाडी रोखणे वेगळे. ठरावीक कोनापलीकडे कललेली २४१ किलोची गाडी धडधाकट माणसालाही थोपविता येत नाही. ती सोडून बाजूला होणे हेच शहाणपण; पाय खाली अडकला तर हाड मोडते.

म्हणून खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य करावी. इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून काढावी, दहा पावले मागे न्यावी, डावीकडे-उजवीकडे वळवावी आणि पुन्हा स्टँडवर लावावी. विक्रेत्याच्या माणसाची मदत न घेता हे जमले नाही, तर पुढची चाचणी करण्याची गरज नाही. आडवी पडलेली जड गाडी उचलण्याचीही रीत आहे. गाडीकडे पाठ करून, गुडघ्यात बसून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने आसनाखालची चौकट धरून पायांच्या जोरावर मागे रेटत ती उभी करायची असते. त्याआधी साइड स्टँड मोकळा असल्याची आणि गाडी गिअरमध्ये असल्याची खात्री करावी, नाहीतर ती पलीकडे कोसळते. ही रीत दोन माणसे शेजारी उभी असताना एकदा करून पाहिलेली बरी.

पुढे पसरलेल्या पायांची बैठक छायाचित्रात ऐसपैस दिसते, पण तिचाही एक तोटा आहे. साध्या मोटारसायकलवर खड्डा दिसताच चालक पायांवर भार घेऊन किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने असे उठता येत नाही, आणि सगळा धक्का थेट माकडहाडाला व कमरेला बसतो. त्यात सुपर मिटिऑरच्या मागच्या चाकाची खाली-वर होण्याची मर्यादा १०१ मिलिमीटर आहे. चांगल्या रस्त्यावर ती पुरते, खराब रस्त्यावर नाही. पाठीचे दुखणे असलेल्या चालकाने 'आरामाची गाडी' म्हणून मोठी क्रूझर घेणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण ठरू शकते. ब्रेकची सवयही बदलावी लागते. क्रूझरचे वजन मागच्या चाकाकडे अधिक असल्याने मागचा ब्रेक साध्या गाडीपेक्षा बराच अधिक कामाचा असतो. केवळ पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याला तो पुन्हा शिकावा लागतो.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचे मत तर बहुधा कोणी विचारतच नाही. अनेक क्रूझरचे मागचे आसन दिखाऊ असते. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या स्त्रीला ते रुंदीला अपुरे पडते आणि पाय ठेवायची पट्टी गैरसोयीच्या उंचीवर येते. साडीगार्ड आणि मागच्या व्यक्तीसाठी हातधरणी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहेत. गाडी सुबक दिसावी म्हणून ती काढून टाकण्याची जी टूम आहे, ती निव्वळ अविचार होय. शेगावपर्यंतची फेरी दोघांनी मिळून करून पाहावी आणि परतल्यावर मागे बसलेल्याने जे सांगितले, ते निर्णयात धरावे.

उन्हाळा हा विदर्भातला आणखी एक निकष. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो. हवेने व तेलाने थंड होणारे मोठे जुळे इंजिन गर्दीत थांबले, की त्याची धग मांडीला आणि पोटरीला लागते. धावत्या गाडीत ती फारशी जाणवत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची प्रकृती अधिक स्थिर असते, पण त्याचा पंखा सुरू झाला, की गरम झोत पायांवरच येतो. दुपारी अकरा ते चार गाडी काढायची नाही, हा पंचक्रोशीतला जुना शिरस्ता मोठ्या गाडीने बदलत नाही.

पैशाच्या बाजूने २०२५ सालाने साडेतीनशे सीसीच्या रेषेला भिंतीचे रूप दिले. त्याआधी साडेतीनशेपर्यंतच्या दुचाकीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता आणि त्यावरच्या गाडीवर ३ टक्के उपकरासह ३१ टक्के. दोहोंत अंतर तीन टक्क्यांचे. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवरचा कर १८ टक्क्यांवर उतरला आणि त्यापुढच्या गाडीवरचा ४० टक्क्यांवर चढला. करापूर्वी एक लाख रुपये किमतीमागे आता साडेतीनशेच्या आत १८ हजार, तर बाहेर ४० हजार रुपये कर पडतो. ३४९ सीसीची गाडी रेषेच्या आत बसते. ४४० सीसीची हार्ले किंवा ४५१ सीसीची कावासाकी एलिमिनेटर साडेसहाशेच्याच करात मोडते. विम्याचीही रेषा तीच आहे. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा सक्तीचा त्रयस्थ विमा १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये, तर ३५० सीसीपुढे १५,११७ रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक.

इंधनाचा हिशेब प्रत्येकाच्या हातावर आणि रस्त्यावर अवलंबून असतो. तरीही वर्षाला १२ हजार किलोमीटरची रपेट धरली आणि साडेतीनशेने लिटरमागे ३५, साडेसहाशेने २५ किलोमीटर दिले असे मानले, तर पहिलीला सुमारे ३४३ आणि दुसरीला ४८० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये दराने हा फरक वर्षाला चौदा हजार रुपयांवर जातो. टायर रुंद, म्हणून महाग. जड गाडीखाली ते झिजतातही लवकर. साडेसहाशेचे रूप पाहून जो भुलतो, त्याने हे आकडे घरात सर्वांसमोर मांडावेत. मग कपाशीच्या भावावर चालणाऱ्या घरात चर्चा आपोआप योग्य वळणावर येते.

जुळ्या इंजिनाला गावातला मिस्त्री हात लावेलच असे नाही, आणि लावल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. अधिकृत सेवा केंद्र खामगावला, अकोल्याला की खानदेशातल्या जळगावला, तिथे साडेसहाशेचे काम जाणणारा कारागीर रोज असतो की ठरावीक दिवशी, क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड हाताशी असतात की मागवावे लागतात, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी फोनवर नव्हे, तर प्रत्यक्ष जाऊन विचारावेत. पंक्चरचेही तसेच. मिश्रधातूची चाके आणि ट्यूबलेस टायर असतील, तर रस्त्यात खिळा लागला तरी दहा मिनिटांत काम होते. तारांची चाके देखणी खरी, पण त्यात ट्यूब असेल तर दोनशे किलोंहून जड गाडीचे मागचे चाक रस्त्याकडेला उतरविणे ही एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

हे सर्व ध्यानात घेता, शंभर-दीडशे सीसीवरून थेट साडेसहाशेवर उडी घेणे जळगाव जामोदसारख्या ठिकाणी समर्थनीय ठरत नाही. ॲव्हेंजर किंवा तत्सम गाडीवरून साडेतीनशेवर येणे मात्र चांगली बढती आहे. ॲव्हेंजर २२०ची १७.५५ न्यूटन मीटर ओढ ७ हजार फेऱ्यांना मिळते, मिटिऑरची २७ न्यूटन मीटर ४ हजार फेऱ्यांनाच. हा फरक रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेगात अनुभवास येतो. साडेतीनशेवरून साडेसहाशेवर जाण्याचे कारण एकाच प्रकारच्या चालकाजवळ असते. महिन्यातून दोन-तीनदा तरी तो जोडीदारासह तीनशे-चारशे किलोमीटरचा पल्ला मारतो, शेताला आणि बाजाराला जाण्यासाठी त्याच्या घरी दुसरी हलकी दुचाकी आहे आणि ती विकण्याचा त्याचा विचार नाही.

ज्याचे मन तरीही साडेसहाशेवर बसले आहे, त्याने विक्रेत्याच्या दारातल्या दोन किलोमीटरच्या फेरीवर निर्णय घेऊ नये. पुणे-मुंबईत अशा गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. एखादी दोन दिवसांसाठी घ्यावी, एक दिवस महामार्गावर आणि दुसरा दिवस मुद्दाम अरुंद, गतिरोधकांच्या, गर्दीच्या रस्त्यावर चालवावी. गाडी घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस मोकळ्या मैदानात, आठवडी बाजार नसलेल्या दिवशी, संथ गतीत आठचा आकडा गिरवावा. परवान्याच्या वेळी शंभर सीसीवर काढलेला तोच आकडा २४१ किलोंच्या गाडीवर पूर्ण करायला पायांना आणि क्लचच्या बोटांना किती सराव लागतो, ते तेव्हाच समजते.